दुकानाच्या वर कोण राहतं?

राहण्याचा भाग वेगळा आणि व्यापाराचा भाग वेगळा, ही कल्पना आपल्या मातीतली नाही, असं माझं ठाम मत होतं. व्यापाऱ्यांच्या बैठकीत, वाचनालयातल्या गप्पांत, वर्तमानपत्राकडे पाठवलेल्या पत्रांत मी ते मोकळेपणाने मांडत आलो. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ज्यांनी माझं आधीचं ऐकलं, त्यांना पुढचं सांगणं मी लागतो. म्हणून हे मनोगत.

आधीचं मत काय होतं ते नीट सांगतो, कारण ते आजही मला अगदीच टाकाऊ वाटत नाही.

मी नगरच्या जुन्या पेठेतला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येतं. खाली कापडाचं दुकान, वर माडीवर घर. वडील सकाळी जिना उतरले की दुकानात, रात्री फळ्या लावून जिना चढले की घरात. मोठं गिऱ्हाईक बसलं की चहा वरून यायचा. आई दुपारी दोन तास गल्ल्यावर बसायची आणि त्याला कोणी ‘नोकरी’ म्हणत नव्हतं. आजोबा शेवटी शेवटी आजारी होते, तेव्हाही खाली येऊन गादीवर टेकायचे. येणारा-जाणारा रामराम करायचा. घर आणि धंदा यांच्यामधे जेमतेम चौदा पायऱ्या होत्या. १४९० साली मलिक अहमदाने वसवलेल्या या शहराचा जुना भाग सगळा असाच वाढला. मग कुणीतरी येतो, नकाशा पसरतो, राहण्याला पिवळा रंग देतो, व्यापाराला निळा, कारखान्यांना जांभळा, आणि सांगतो की यापुढे रंग ओलांडायचा नाही. हे ऐकून आमच्यासारख्याला राग यायचा.

वेगळेपणाचा नमुना आम्ही भिंगारला पाहिलेला होता. १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, पुढे भिंगारला लष्कराची छावणी बसली. छावणीत बंगल्यांचा भाग एकीकडे, सदर बाजार दुसरीकडे. साहेबाला सामान हवं होतं, बाजाराचा गलका नको होता. आपले विकास आराखडे म्हणजे तोच साहेबी सोवळेपणा, असं मी म्हणायचो. टाळ्याही मिळायच्या.

वाचनानेही माझ्याच मताला बळ दिलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो गावाने १८८५ मध्ये ठराव केला की कपडे धुण्याची दुकानं गावाच्या ठरावीक भागातच असावीत. कारण स्वच्छतेचं दिलं होतं. पण धुण्याचा धंदा चिनी लोकांच्या हातात होता, आणि ठरवून दिलेला भाग त्यांच्याच वस्तीचा होता. पुढे १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाचा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि गावाने जमिनीच्या वापराचे विभाग पाडणं वैध ठरलं. निकालपत्रात घरांच्या वस्तीतल्या चाळवजा इमारतींना बांडगुळाची उपमा दिली गेली. भाडेकरू म्हणजे उपद्रव, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडे दिल्लीत २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवासी भागातल्या दुकानांना सील लागू लागली. मोर्चे निघाले, बाजार बंद झाले, आणि वर्षभरात, फेब्रुवारी २००७ मध्ये, नवा मास्टर प्लॅन आणून शेकडो रस्त्यांवर मिश्र वापर मान्य करावा लागला. एवढी उदाहरणं हाताशी असल्यावर माझं मत हलण्याचं कारण नव्हतं.

ते हललं आमच्याच घरामुळे.

आम्ही भावंडं एकेक करून सावेडीकडे राहायला गेलो. पेठेतल्या बहुतेक घरांची हीच गोष्ट आहे. गुलमोहर रस्ता, पाइपलाइन रस्ता, प्राध्यापक कॉलनीचा परिसर. तिकडे बंगला, झाडं, गाडी लावायला जागा. पेठेतला खालचा गाळा भाड्याने गेला. आधी तयार कपड्यांचं दुकान होतं, मग मोबाइलचं, मग खाण्यापिण्याचं. माडीवर काकू एकट्या राहिल्या, कारण त्यांना सावेडी मानवली नाही. खालच्या भटारखान्याचा धूर काढणारा पंखा चौकात उघडत होता आणि चौकाच्या वरच काकूंची खिडकी. रात्री अकरा-साडेअकराला शेवटची भांडी आपटत. पहाटे दुधाचा आणि गॅसचा टेम्पो. गाळ्याचा भाडेकरू माणूस वाईट नव्हता. तो केडगावला राहत होता, एवढंच. आम्हीही वाईट नव्हतो. आम्ही सावेडीत राहत होतो. त्या धुराखाली आणि त्या आवाजात झोपणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्या हातात ना दुकान होतं, ना भाडं.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा हा हिशोब मांडला गेला. वडिलांच्या काळात आमच्या गल्लीला नियमाची गरज का पडली नाही? वडील फार सज्जन होते म्हणून नव्हे. दुकानाचा जो काही त्रास होता, तो आधी त्यांच्याच बायकोला आणि मुलांना व्हायचा. रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवलं असतं तर आजोबांची झोप मोडली असती. दारात घाण साचली असती तर आम्हीच आजारी पडलो असतो. शेजारचा सराफ, समोरचा किराणा दुकानदार, पलीकडचा भांडीवाला, सगळे आपापल्या दुकानावर झोपत होते. त्या झोपेनेच गल्ली शिस्तीत ठेवली होती. आज पेठेत वरचे मजले एक तर गोदामं झालेत, नाहीतर रिकामे, नाहीतर म्हाताऱ्या माणसांचे आणि भाडेकरूंचे. इमारती त्याच आहेत आणि शिस्त राखणारी गोष्ट निघून गेली आहे. ‘आपली जुनी मिश्र वस्ती’ म्हणून मी ज्याचं गुणगान करत होतो, तिचा सांगाडा तेवढा उरलाय.

दुसरी गोष्ट मान्य करायला मला जास्त वेळ लागला. जुन्या शहरात नियम नव्हते, हेच मुळात खरं नाही. नियम होते, ते लिहिलेले नव्हते. सराफा एका जागी, दाळमंडई दुसरीकडे, मोचीगल्ली तिसरीकडे, आडते बाजार आणखी वेगळा. शहराला तट होता, वेशी होत्या. दिल्ली गेट आणि माळीवाड्याची वेस आजही उभी आहे. कोणत्या जातीने आणि कोणत्या धंद्याने आत कुठे राहायचं, आणि कोणी बाहेर राहायचं, हे ठरलेलं होतं. कातडं कमावणाऱ्याला सराफ्यात गाळा घ्यायचा असता तर कोणत्या आराखड्यावर हरकत नोंदवता आली असती? सुनावणी कोणी दिली असती? मॉडेस्टोच्या चिनी धोब्यांबद्दल मी कळवळून बोलत होतो, आणि आमच्या वेशीबाहेरच्या वस्त्यांना ‘नैसर्गिक वाढ’ म्हणत होतो. माझ्या बोलण्यातली ही फट एका निवृत्त शिक्षकाने भर बैठकीत दाखवली. त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं.

लिहिलेल्या नियमाचा मोठा गुण मला यातून उमगला. त्यावर भांडता येतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम २६ प्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नंतर कुणाला आपल्या जमिनीचा विभाग बदलून हवा असेल तर कलम ३७ ची वाट आहे, आणि तिथेही आधी जाहीर नोटीस, मग हरकती, मग शासनाची मंजुरी. या वाटेवर काय काय होतं, पैसेवाल्याच्या शेतजमिनीचा हिरवा रंग किती पटकन पिवळा होतो, हे छोट्या शहरात सगळ्यांना ठाऊक असतं. जमिनीच्या दलालाचा पहिलाच प्रश्न असतो, “प्लॉट येलोत आहे का?” तरीही त्या वाटेवर एक कागद असतो, तारीख असते, सही असते. रूढीवर कुणाची सही नसते.

तिसरी गोष्ट आवाजाची. काकूंच्या निमित्ताने मी ध्वनिप्रदूषण नियम, २००० वाचले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर ४५. व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट जाणवतो. म्हणजे नकाशावरचा रंग बदलला की त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा झोपेवरचा हक्कही कायद्याने आक्रसतो. ‘रंगाने काय होतं, गाव आपलं आपण जगतं’ हे माझं आवडतं वाक्य होतं. रंगाने हे होतं.

आता प्रश्न उरतो की मी पलीकडच्या टोकाला गेलो का? घरं इकडे, दुकानं तिकडे, मधे हद्द, हे मला पटलं का? नाही पटलं. पिवळ्या भागातून प्रत्येक गिरणी, प्रत्येक शिकवणी, प्रत्येक खानावळ हाकलायची ठरवली तर नगरसारख्या शहरातल्या हजारो बायकांची कमाई एका नोटिशीने बंद होईल. ब्लाऊज शिवणारी, पापड-कुरडया करणारी, मुलांना डबे देणारी, पहिली ते चौथीची शिकवणी घेणारी बाई दुकान भाड्याने घेऊ शकत नाही. तिचं दुकान म्हणजे तिचीच पुढची खोली. तिला हद्दपार करणारा नियम मला आजही अन्यायाचाच वाटतो.

मतबदल झाला तो इथे: नियम असावा का, यावर मी वाद घालत होतो, आता नियमाने काय विचारावं, यावर घालतो. आणि त्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा की इथे धंदा करणारा माणूस इथेच राहतो का?

ही काही माझी शोधून काढलेली युक्ती नाही. जपानमध्ये जमीनवापराचे विभाग देशभर एकाच कायद्याने ठरतात. त्यातल्या सर्वांत कडक, बैठ्या घरांच्या विभागातही घराला जोडून छोटं दुकान किंवा कार्यालय चालतं. अट अशी की ते घराच्या निम्म्याहून कमी जागेत हवं आणि ५० चौरस मीटरच्या आत हवं. म्हणजे राहतं घर आधी, दुकान त्याच्या पोटात. टोकियोच्या गल्लीबोळांत न्हाव्याचं, मिठाईचं, सायकलींचं दुकान दिसतं आणि तरी ती गल्ली राहण्याचीच वाटते, ती यामुळे.

लांब कशाला, आपल्याकडेही हा विचार आहे. मी तो वाचायचे कष्ट घेतले नव्हते. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून बहुतेक महाराष्ट्राला २ डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यात निवासी विभाग एकच नाही. आर-१ आणि आर-२ असे दोन आहेत, आणि फरक रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. अरुंद रस्त्यावर थोडे वापर, रुंद रस्त्यावर जास्त. आर-१ मध्येही डॉक्टरचा दवाखाना, शिकवणी, ठरावीक अश्वशक्तीपर्यंतची पिठाची गिरणी, रोजच्या गरजेची दुकानं, घरातले पारंपरिक व्यवसाय चालतात. वकिलाचं किंवा हिशेबनिसाचं कार्यालयही चालतं, फक्त तो त्या जागेचा रहिवासी हवा. महावितरणच्या दरपत्रकातही वर्षानुवर्षं अशी सोय होती की राहत्या घरात छोटा व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत असेल तर वीज घरगुती दराने. सरकारी कागदाला घरातला धंदा आणि भाड्याच्या गाळ्यातला धंदा यांतला फरक कळत होता. आम्ही मात्र दोन्हींच्या बाजूने एकाच आवाजात ओरडत होतो, आणि त्या ओरड्यात पापडवाल्या बाईच्या आडून मोठा हॉटेलवाला निसटत होता.

रस्त्याची रुंदी हा निकष मला पूर्वी तांत्रिक खुसपट वाटायचा. आता तो सगळ्यात शहाणा वाटतो. पेठेतल्या बोळात हातगाडी आणि बैलगाडी यायची तेव्हा ते रस्ते पुरेसे होते. आज त्याच बोळात मालाचा टेम्पो उभा राहिला की रुग्णवाहिका अडते आणि आगीचा बंब वळत नाही. दुकान वाईट म्हणून नाही, तर रस्त्याला ते पेलत नाही म्हणून अडवायचं, यात सोवळंओवळं काही नाही. आणि काही गोष्टी तर घरांपासून लांबच हव्यात, हे आपण कधीच मान्य केलंय. धान्याचा आणि भाजीचा घाऊक व्यवहार मार्केट यार्डात गेला, कांद्याचे लिलाव नेप्तीच्या उपबाजारात होतात, कारखाने नागापूरच्या एमआयडीसीत आहेत. कांद्याच्या शेकडो गाड्या पुन्हा शहरात आणा, असं माझ्यासारखा मिश्र वापराचा कैवारीही म्हणणार नाही. मग गॅसचं गोदाम, फटाक्यांचा साठा, गाड्यांना रंग मारण्याचं गॅरेज आणि रात्री बारापर्यंत डीजे वाजवणारं लग्नाचं लॉन यांना वेगळा न्याय कशाला?

माझ्या जुन्या मताची एक भीती मात्र मी सोबत ठेवली आहे. नियम जितके जास्त, तितकी निवडून कारवाई करायची सोय जास्त. सगळी गल्ली नियमाबाहेर असते, आणि नोटीस त्यालाच येते ज्याने कुणाला तरी नाराज केलंय. मग दंड भरून नियमित करून घेण्याची वाट असते, आणि ती ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी रुंद असते. म्हणून न पाळता येणारा नियम लिहूच नये. दिल्लीने तो आधी लिहिला, चाळीसहून जास्त वर्षं मोडू दिला, आणि मग एके दिवशी कुलपं घेऊन निघाली. चूक कुलपात जितकी होती, तितकीच त्या मधल्या वर्षांत होती. थोडे नियम, साधे नियम, मोजता येतील असे नियम: रस्ता किती रुंद, जागा किती, वेळ किती वाजेपर्यंत, धूर कुठून बाहेर पडतो, गाडी कुठे लागते, आणि मालक किंवा चालवणारा तिथे राहतो का. यापलीकडे नकाशाने फार बोलू नये.

हे सगळं मोठ्या शहराचं दुखणं आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने शिर्डीला जाऊन यावं. राहती घरं कधी लॉज झाली आणि अंगणं कधी पार्किंग झाली, हे तिथल्या माणसाला विचारावं. जिथे घरमालक अजून वरच्या मजल्यावर राहतो तो लॉज आणि जिथे मालक दुसऱ्या शहरात बसून हिशोब मागवतो तो लॉज, यांच्या शेजाऱ्यांना एकाच वेळी विचारावं. अकोले, पारनेर, कर्जत ही तालुक्याची गावं गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत आली. नगरपंचायत झाली की नियोजनाची कायदेशीर जबाबदारीही आली. तिथे अजून बहुतेक दुकानांच्या वर माणसं राहतात. तिथल्या लोकांनी आमच्या पेठेचा अनुभव पाहून आताच ठरवावं, माड्या रिकाम्या झाल्यावर नको.

जुन्या मित्रांना हे आवडणार नाही. व्यापाऱ्याच्या घरात जन्मून मी व्यापारावर बंधनं मागतो, असं ते म्हणतील. मी व्यापाऱ्याच्या घरात जन्मलो, गाळ्याच्या मालकाच्या घरात नव्हे. दोन्ही एकाच पत्त्यावर होतं तोवर हा फरक दिसत नव्हता. पत्ते वेगळे झाले, तेव्हा दिसला.

एवढंच सांगायचं होतं, आणि एक विनंती करायची होती. आपल्या गावाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. त्या दिवसांत जमिनीवाले आणि दलाल कार्यालयात रांग लावतातच. माडीवर राहणारे, भाड्याने राहणारे, पुढच्या खोलीत गिरणी किंवा शिवणयंत्र चालवणारे सहसा जात नाहीत. त्यांनी जावं. आपल्या गल्लीला कोणता रंग दिलाय ते पाहावं, रस्ता किती रुंद दाखवलाय ते प्रत्यक्ष टेप लावून ताडून घ्यावं, आणि जे म्हणायचं ते लेखी देऊन त्याची पोच घ्यावी. तोंडी तक्रारीवर सुनावणी होत नाही.